टाच, अंगठा, पट्टा

आमची चपलांची दोन दुकानं आहेत. बारामतीचं माझ्या वडिलांचं, म्हणजे मकसूदभाईंचं, आणि इंदापूरचं माझ्या चाचांचं, म्हणजे अबरारभाईंचं. चपलांचा कुठलाही दुकानदार शोकेसमध्ये एकच पाय मांडतो आणि दुसरा आत डब्यात ठेवतो. दोन्ही मांडले तर एखादा पायात घालून चालू लागेल, ही धास्ती. आमच्या घराण्याने यात स्वतःची भर घातली. नवीन डिझाइन आलं की एकच जोड फोडायचा. उजवा पाय बारामतीच्या शोकेसमध्ये, डावा इंदापूरच्या. एका जोडात दोन गावं सजतात आणि बाकीचा माल कोरा राहतो. अब्बूंना या युक्तीचा इतका अभिमान, की पाहुण्यांना चहाच्या आधी ती ऐकावी लागते.

दुसरी युक्ती फोनची. सकाळी शटर वर गेलं की दोन्ही दुकानांतले मोबाइल एकमेकांना लावायचे आणि काउंटरवर ठेवून द्यायचे. संध्याकाळी शटर खाली येईपर्यंत फोन चालूच. "अबरार, लेडीज सात नंबर तपकिरी हाय का?" "हाय. दुपारच्या यष्टीनं देतो." असं दिवसभर. बारामतीत गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की इंदापुरातून आवाज येतो, "भाईजान, सोडू नका!" गिऱ्हाईक दचकून मागे बघतं. घरच्यांना मात्र तो फोन चालू आहे हे आता जाणवतसुद्धा नाही.

मी शबीना, मकसूदभाईंची मुलगी. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलं, बारामतीच्या एका कॉलेजात तासिकांवर शिकवते, आणि लोक म्हणतात की मला राग लवकर येतो. येतो. चुकीचं विज्ञान ऐकलं की जरा जास्तच लवकर येतो.

इंदापूरच्या एका शिक्षणसंस्थेने नवं विज्ञान दालन बांधलं आणि त्याला कायमस्वरूपी प्रमुख हवी होती. संस्थेचे अध्यक्ष दादासो हे चाचांचं जुनं गिऱ्हाईक. माणूस रोखठोक. "सापळा आन् ज्वालामुखी सगळीकडं असतोय," ते मला म्हणाले. "आपल्याला आजच्या जगातलं पायजे. ते क्वांटमचं करा. अन् कसं करायचं ते तुमच्या वडलांनी सांगितलंयच मला."

अब्बूंनी काय सांगितलं असेल हे मला विचारावंही लागलं नाही. क्वांटम गुंफण, म्हणजे एन्टँगलमेंट, या विषयावरचा कुठला तरी व्हिडिओ त्यांनी पाहिला होता. दोन कण एकमेकांपासून कितीही लांब नेले तरी एकाचं उत्तर कळलं की दुसऱ्याचं कळतं. झालं! अब्बूंच्या मते हे तर आपलंच दुकान. बारामतीत उजवी चप्पल उचलली की इंदापुरात डावी आहे हे कळलंच. दालनात दोन टोकांना दोन बंद पेट्या ठेवायच्या, एकीत उजवी, एकीत डावी. एक उघडा, दुसरीतली ओळखा. आणि जोड कुठला? इंदापूरचं दुकान उघडलं त्या दिवशी फोडलेला पहिला लेडीज जोड, जो आजवर दोन्हीकडच्या शोकेसमध्येच होता, विकायला काढला नव्हता. अब्बूंनी त्या पेट्या सुताराकडून करूनही घेतल्या होत्या, वर दोन्ही दुकानांची नावं रंगवून.

"अब्बू, हे चुकीचं आहे," मी दुकानात उभी राहूनच सांगितलं.

"काय चुकलं?"

"चप्पल डब्यात असतानाच डावी किंवा उजवी असते. फक्त आपल्याला माहीत नसतं. गुंफलेल्या कणांचं तसं नसतं."

विद्यार्थ्यांना मी एक कण फळ्यावर काढून दाखवते तो असा: एक गोळा, आणि त्याच्या मध्यापासून पृष्ठभागापर्यंत जाणारा एक बाण. बाण कुठे रोखलाय त्यावरून कणाला काय विचारलं तर काय उत्तर येईल याचा अंदाज बांधता येतो. दोन सुटे कण म्हणजे दोन गोळे, दोन बाण. पण हे कण पूर्ण गुंफले, की दोन्ही गोळ्यांतले बाण आखडत आखडत मधला ठिपका होऊन जातात. एकट्या कणाकडे स्वतःचं असं काही उरत नाही. जे काही पक्कं आहे ते दोघांत मिळून असतं. डब्याच्या झाकणावर हे चित्र काढून मी अब्बूंना दाखवलं.

त्यांनी ते झाकण बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "म्हंजी माझी चप्पल खोटी."

"चप्पल खरी आहे. उदाहरण खोटं आहे."

"सगळ्या बारामतीला सांगून बसलोय मी!" असं म्हणून ते आतल्या बाजूला डबे रचायला गेले आणि त्या दिवशी माझ्याशी पुन्हा बोलले नाहीत. घरी अम्मी, मेहबूबबी, मला म्हणाली, "बापाला खोटं पाडून नोकरी मिळवणार व्हय गं?" मला फार वाईट वाटलं. जेवण गेलं नाही. पण माझ्या दालनाच्या दारातून मुलं चुकीचं शिकून बाहेर पडणार असतील तर ती नोकरी मला नकोच होती, हेही तितकंच खरं.

दादासोंना मी दुसरं मॉडेल करते म्हणाले. त्यांनी अट घातली. "करा. पण उद्घाटनाला आलेल्या माणसाला समजलं पायजे. समजलं तर जागा तुमची. न्हाय समजलं तर चपलांच्या पेट्या ऱ्हातील, आन् त्या दाखवायला दुसरं कुणीतरी बघू." त्यात मला काही वावगं वाटलं नाही. समजवून सांगता येत नसेल तर मला ती खुर्ची कशाला?

पुढच्या सुट्टीला मी सकाळीच दुकानात जाऊन बसले आणि अब्बूंना म्हणाले, "एक खेळ खेळायचा का?" खेळ म्हटल्यावर ते राग विसरतात, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

खेळ असा. मनात एक चप्पल धरायची. तिचे भाग तीन: टाच, अंगठा, पट्टा. प्रत्येक भाग लाल नाहीतर हिरवा. अब्बू आणि चाचांनी आधी काय हवं ते ठरवून घ्यायचं आणि मग दोघांना वेगवेगळं बसवायचं. प्रत्येकाला चिठ्ठी काढून एकच भाग विचारायचा आणि त्याने एकच रंग सांगायचा. दोघांना एकच भाग विचारला गेला तर रंग एकच आला पाहिजे, कायम. आणि वेगवेगळे भाग विचारले गेले तर रंग जमेल तितके कमी जुळले पाहिजेत. प्रत्येक डावाला ठरवाठरवी नवीन केली तरी चालेल.

"हे काय अवघड हाय!" अब्बू म्हणाले आणि डब्यांची झाकणं घेऊन स्केचपेनने चपला रंगवायला बसले. टाच लाल, अंगठा हिरवा, पट्टा... पट्टा लाल केला तर टाचेशी जुळतो. हिरवा केला तर अंगठ्याशी जुळतो. त्यांनी झाकणं पालटली, रंग पालटले, काउंटरवर चपलांची रांग लागली. एक गिऱ्हाईक बराच वेळ उभं राहून निघून गेलं.

शेवटी त्यांनी पेन खाली ठेवलं. "भाग तीन आन् रंग दोनच. कुठलं तरी दोन एका रंगाचं व्हनारच की."

"होणारच. म्हणून वेगळे भाग विचारले तरी सरासरी तिनात एकदा रंग जुळतोच. त्याच्या खाली तुम्ही जाऊ शकत नाही. मीही नाही. जगातली कुठलीही चप्पल नाही."

"आन् तुझे कण?"

"त्यांनाही असेच तीन प्रश्न विचारता येतात, तीन दिशांनी. एकच प्रश्न विचारला तर उत्तर कायम जुळतं. वेगळे विचारले तर चारात एकदाच जुळतं."

"तिनात एकदाच्या खाली?"

"खाली. म्हणजे त्यांच्याजवळ आधीच रंगवलेली चप्पल नसते. असती तर हे जमलंच नसतं."

अब्बूंनी स्केचपेनला टोपण लावलं. त्यांना पटलं होतं, हे मला त्यांच्या कपाळावरून कळत होतं. पण पटणं वेगळं आणि हार मानणं वेगळं. "मी आन् अबरार बसतो तुझ्या दालनात," ते म्हणाले. "आमच्या दोन दुकानांचा शब्द कधी येगळा पडला न्हाय. तुझ्या कणांपेक्षा आमी काय कमी हाय?" काउंटरवरच्या फोनमधून चाचांचा आवाज आला, "बसू की भाईजान! बघू कोण जिततंय." ते सगळं ऐकतच होते.

मला तर हेच हवं होतं. दोन सख्खे भाऊ, एका विचाराचे, जीव तोडून खेळताहेत आणि तरी तिनात एकदा जुळतंच आहे, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं की अर्धं काम झालं. मी एवढंच बजावलं, "बसल्यावर बोलायचं नाही. खुणा करायच्या नाहीत."

"बोलनार न्हाय," अब्बू म्हणाले.

उद्घाटनाला दालन भरून गेलं. कॉलेजची पोरं, शिक्षक, बारामतीहून आलेली आमची सगळी माणसं. मधोमध माझी पेटी होती: दोन फलक, प्रत्येकावर टाच, अंगठा, पट्टा अशी तीन बटणं आणि एक लाल-हिरवा दिवा. आतला छोटा संगणक क्वांटमच्या नियमाने दिवे लावत होता. खाली मी ठळक अक्षरांत लिहिलं होतं: या पेटीत तार आहे. कणांमध्ये नसते.

"हे कशाला लिवलं?" दादासो कुजबुजले. "आपल्याच मालाला नाव ठेवायचं?"

"माल खरा आहे म्हणूनच लिहिलंय," मी म्हणाले.

पेटी छान चालली. लोकांनी बटणं दाबली, शिक्षकांनी फळ्यावर रेघा ओढल्या. भाग एकच असेल तर दिवे हमखास एका रंगाचे. वेगळे असतील तर चारात एकदाच्या आसपास. मग मी म्हणाले, "आता हेच माणसांना जमतं का बघू." दालनाच्या एका टोकाला पडद्याआड अब्बू बसले, दुसऱ्या टोकाला चाचा. अब्बूंकडे चिठ्ठी काढायला पळसदेवच्या मालनबाई पुढे झाल्या, आमचं जुनं गिऱ्हाईक. चाचांकडे खुद्द दादासो गेले. दादासो अध्यक्ष, म्हणून आधी ते विचारतील आणि मग मालनबाई, असं ठरलं. पंख्यांच्या आणि माणसांच्या गोंगाटात या टोकाचं त्या टोकाला ऐकू जात नाही, हे मी आदल्या दिवशी स्वतः तपासलं होतं.

पहिला डाव. दोघांनाही टाच. दोघंही म्हणाले लाल. टाळ्या. मग चाचांना पट्टा, अब्बूंना अंगठा. हिरवा, लाल. जुळलं नाही. मग टाच आणि पट्टा. जुळलं नाही. पुढचा, जुळलं नाही. त्याच्या पुढचा, जुळलं नाही. भाग एक असला की रंग एक; भाग वेगळे असले की रंग वेगळा. फळ्यावर 'जुळलं' या रकान्यात वेगळ्या भागांची एकही रेघ पडेना. आमच्या बारामतीच्या मंडळींनी शिट्ट्या मारायला सुरुवात केली. "चपलावाले भारी!"

नोकरी गेली, असं मला वाटलं. दादासो पडद्यातून बाहेर आले ते हसतच. "म्याडम, तुमचे कण हरले की! दोन मानसांना जमतंय, म्हंजी हे कुनालाबी जमतंय. मग त्यात एवढं क्वांटम काय हाय?" ते भिंतीशी ठेवलेल्या अब्बूंच्या चपलांच्या पेट्यांकडे बघायला लागले. लोकही बघायला लागले.

मी फळ्याकडे पाहिलं आणि माझी भीती गेली. ठरवून आलेली दोन माणसं तिनात एकदा जुळणारच. गुंफलेले कण चारात एकदा. आणि हे दोघे? एकदाही नाही. या खेळात कणांनाही चारात एकदाच्या खाली उतरता येत नाही, तेवढी निसर्गाची हद्दच आहे. आणि बारामतीचा चपलांचा दुकानदार ती हद्द ओलांडून बसला होता! असं होण्याला एकच कारण असू शकतं. माझी खात्री इतकी होती, की मी कुणाला काही विचारलं नाही.

मी सरळ अब्बूंच्या पडद्याआड गेले. ते हात मांडीवर ठेवून साळसूदपणे बसले होते. शर्टाचा खिसा फुगलेला. मी त्या खिशाशी वाकले आणि अगदी हळू म्हणाले, "चाचा, चहा टाकलाय. साखर किती घालू?"

दालनाच्या दुसऱ्या टोकाकडून खणखणीत आवाज आला, "कमीच घाल गं शबे, शुगर वाढलीया!"

मग मालनबाईंनी तोंडाला पदर लावला. "अगं बया! खिशाला इचारलं आन् त्या कोपऱ्यातनं उत्तर आलं!" आणि दालन जे हसायला लागलं ते थांबेचना.

अब्बू लालबुंद झाले. "तू म्हनालीस बोलायचं न्हाय. आमी कुटं बोललो? दादासो बोलत हुते, मी नुसतं ऐकलं."

"फोन बंद का नाही केलात?"

"बंद?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी श्वास बंद करायला सांगितलं. "तो सकाळपासनं चालूच असतोय की!" दुकानं बंद ठेवून आले होते दोघे, पण फोन लावूनच निघाले होते. फोनमधून दादासोंचा प्रश्न आणि चाचांचं उत्तर ऐकू आलं, आणि अब्बूंनी त्याप्रमाणे रंग सांगितला. त्यात आपण काही लबाडी करतोय असं त्यांना खरोखरच वाटलं नव्हतं. मी माझ्या वडिलांना ओळखते.

दोन्ही फोन मी बंद करून टेबलावर ठेवले. "आता पुन्हा खेळा."

पुन्हा खेळ झाला. दोघांनी आधी डोकी एकत्र करून नवे रंग ठरवले, पाहिजे तेवढा वेळ घेतला. चौथ्या-पाचव्या डावाला वेगळे भाग असून रंग जुळला. मग आणखी एकदा. लोक मोजायला लागले. दर वेळी जुळलं की अब्बूंच्या पडद्यामागून "ह्या!" असा आवाज यायचा. बराच वेळ खेळूनही फळ्यावरचं प्रमाण तिनात एकदाच्या खाली काही उतरलं नाही.

दादासो पेटीपाशी गेले. खाली लिहिलेली ओळ त्यांनी बोट ठेवून वाचली. मग माझ्याकडे वळले. "म्हंजी मानसाला हे करायचं तर तार पायजे. न्हायतर फोन पायजे."

"बरोबर."

"आन् कणांना?"

"तार नाही, फोन नाही, आधी रंगवून ठेवलेली चप्पलही नाही. आणि गंमत अशी, की त्या गुंफणीतून 'साखर किती' एवढा निरोपसुद्धा इकडून तिकडे धाडता येत नाही."

"मग करत्यात कसं?"

"दोन वस्तू समजलं तर कोडं पडतं. ती एकच वस्तू आहे, दादासो, दोन ठिकाणी असलेली. तिचं गणित मी शेवटच्या आकड्यापर्यंत सांगू शकते. आणि चपलेसारखं चित्र तिचं का होत नाही, ते आत्ता सगळ्यांनी पाहिलं."

दादासोंनी मान हलवली. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "समजलं. मला समजलं म्हंजी कुनालाबी समजंल. उद्यापासनं या म्याडम." आणि शिपायाला हाक मारली. "त्या चपलांच्या पेट्या काढा रं."

मला आनंद झाला, आणि शेवटच्या वाक्याने तो तिथल्या तिथे आटला. शिपाई पेट्या उचलत होता आणि अब्बू बाजूला उभे राहून त्यावर रंगवलेली दुकानांची नावं बघत होते. मी त्यांच्याजवळ गेले.

"रागावलात?"

"रागावलो. चारचौघांत खिशातनं फोन काढलास बापाच्या." त्यांनी रिकामा खिसा चाचपला. मग म्हणाले, "पर एक सांग. तुला कळलं कसं? फोन दिसला का?"

"नाही. तुम्ही फारच चांगलं खेळलात. कणांपेक्षाही चांगलं. तिथेच सापडलात."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग हसायला लागले, पोट धरून, आणि त्या टोकाला ओरडले, "अबरार! ऐकलं का? कणांपेक्षा चांगलं खेळलो म्हनं आपन!" फोन बंद होता म्हणून ओरडावं लागलं.

शिपायाने पेट्या उघडून दोन्ही चपला टेबलावर ठेवल्या. इतक्या वर्षांत त्या पहिल्यांदा शेजारी शेजारी आल्या होत्या. आमच्या बारामतीच्या शोकेसवर दुपारभर ऊन असतं; उजवी रंग उडून फिकट बदामी झालेली. इंदापूरचं दुकान सावलीत. डावी आली त्या दिवशीइतकीच गडद तपकिरी. अब्बूंनी दोन्ही उचलल्या, बाहीने पुसल्या आणि माझ्या पायांपाशी ठेवल्या.

"तुझ्या दालनात बसत न्हाय म्हनालीस. पायात तरी बसत्यात का बघ. रोज बारामतीवरनं यायचं हाय आता."

टाचेला जरा सैल होत्या. मी त्या घातल्या आणि माझ्या जुन्या चपला पिशवीत टाकल्या. संध्याकाळी इंदापूरच्या स्टँडवर बारामतीच्या गाडीची वाट बघत उभी होते, तर शेजारची एक बाई माझ्या पायांकडे टक लावून बघत होती. शेवटी तिला राहवलं नाही.

"ताई, कुनाशी चप्पल बदलली वाटतं तुमची."

"नाही हो," मी म्हणाले. "एकाच जोडातल्या आहेत."